आज मीबी अडचणीत हाओ

जमुनाबाई चर्जन भांडकुदळ होती असं तिचे वैरीसुद्धा म्हणणार नाहीत. खरं तर तिला वैरीच नव्हते. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, पूर्णा नदीच्या अलीकडे, करजखेड नावाचं गाव आहे. तिथे तिची फुलांची शेती. झेंडू, शेवंती, बांधाबांधानं निशिगंध. नवरा नत्थुजी फुलं तोडायचा, ती ओट्यावर बसून हार गुंफायची, आणि पहिल्या बसनं टोपल्या अमरावतीच्या हारवाल्याकडे जायच्या. पंचायतीची निवडणूक आली, माळीपुऱ्याची जागा बाईसाठी राखीव झाली, तेव्हा लोकांना अशी बाई हवी होती जिच्यावर कोणाचा राग नाही. जमुनाबाईच्या दारात येऊन त्यांनी तिला उभं केलं आणि निवडूनही आणलं. निवडून आल्यावर ती सभेला जायची, चहा प्यायची, सही करायची आणि राहिलेले हार गुंफायला घरी पळायची.

सरपंच देवानंद पस्तिशीतला गडी. धडपड्या. गावात दिवे त्यानंच लावले, शाळेची भिंत त्यानंच बांधली. फक्त केलेलं प्रत्येक काम फोनवर दिसलं पाहिजे, ही त्याची खोड होती. ‘जागृत करजखेड’ नावाचं त्याचं पान होतं, आणि ग्रामसभासुद्धा तो त्यावर लाईव्ह दाखवायचा. गावातले मुंबई-सुरतेला गेलेले पोट्टे बसल्या जागी गाव पाहायचे, त्याला अंगठे द्यायचे.

मग त्याच्या मनात आलं की पंचायतीच्या सभागृहात देवघर असावं. चांगल्या कामाची सुरुवात देवापुढे व्हावी. याला नाही कोण म्हणणार? जमुनाबाईनंही हात वर केला. पहिल्या पूजेचा हार तिनंच करून दिला, शेवंतीचा, मधे निशिगंधाचे पदर घालून.

पहिली पूजा झाली त्याच ग्रामसभेत शेवटी आणखी एक ठराव वाचला गेला. तोवर आरती सुरू झाली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या आरतीला की ठरावाला, हे कोणालाच सांगता आलं नसतं. चार-आठ दिवसांनी सभागृहाच्या दारावर पाटी लागली: ‘पावित्र्य राखा. अडचणीच्या काळात महिलांनी आत प्रवेश करू नये. ग्रामसभेचा ठराव.’

बायकांनी पाटी वाचली आणि पदर सारखा करून पुढे गेल्या. घरात तेच, देवळात तेच, मग इथेही तेच. जमुनाबाईला तर त्याचं काहीच नव्हतं. तिची अडचण सरून वर्षं झाली होती.

पुढच्या मासिक सभेला दीपमाला आली. दीपमाला बरडावरच्या वस्तीतून निवडून आलेली तरणी सून; बारावी शिकलेली, तोंडानं नेमकी. तिच्या वस्तीत नळ नव्हता, आणि त्या दिवशी नळाच्या पाइपाचाच विषय होता. देवानंद दारातच उभा होता. आवाज त्यानं हळू केला, पण दार काही मोठं नव्हतं.

“वहिनी, आज चालते ना?”

दीपमालाचा चेहरा लालबुंद झाला. खोटं बोलणं सोपं होतं. पण समोर देव होता, आणि पोरगी भाबडी. ती खाली पाहत म्हणाली, “नाई.”

“मंग बाहीर खुर्ची टाकून देतो. सावलीत बसा. काय ठरलं ते सांगू आमी.”

दीपमाला निंबाखाली खुर्चीवर बसली. आत पाइप आधी रस्त्याच्या अलीकडे टाकायचा ठरला, देवानंदच्या बाजूनं. बरडाचं पुढच्या टप्प्यात पाहू, असं म्हणत कागद फिरला. जमुनाबाईनं सही केली. बाहेर आली तेव्हा दीपमाला अजून तिथेच बसलेली होती.

“काकू, तुमी आत होत्या ना?”

“हो.”

“मंग?”

एवढंच. वर ना रडणं, ना शिव्या. जमुनाबाई घरी आली, फुलांपुढे बसली, आणि सुई बोटात गेली. आयुष्यात शंभरदा गेली असेल. पण त्या दिवशी तिनं सुई बाजूला ठेवली आणि भिंतीकडे पाहत बसून राहिली.

नत्थुजी हा मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाचा मृदंग वाजवणारा. सालस माणूस. जेवताना तिनं सगळं सांगितलं, तसा तो म्हणाला, “तुयं तं सरलं आता. तुले काऊन पायजे हे लचांड?”

“मायं सरलं म्हनूनच मले बोलता येते,” ती म्हणाली. “तिले बोलाचं म्हटलं तं आधी लाज गिळाची लागते. मंग बोलाले काय राह्यते?”

नत्थुजीनं भाकरीचा तुकडा मोडला. त्याला बायको ठाऊक होती. वर्षातून एखाद्या वेळी ती अशी पाय रोवायची, आणि मग बैलजोडी लावूनही हलायची नाही.

ग्रामसभेचा दिवस आला. सभागृह भरलं होतं. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीशी. देवानंदनं फोन काठीवर लावला, ‘जय करजखेड’ म्हणत लाईव्ह सुरू केलं आणि देवाला अगरबत्ती लावली. दीपमाला मागच्या रांगेत होती. त्या दिवशी तिला पाटीची आडकाठी नव्हती. विषय वाचले जाऊ लागले.

जमुनाबाई उठून उभी राहिली.

“सरपंचभाऊ, आधी मायं ऐका. मी आज अडचणीत हाओ.”

कोणीतरी फसकन हसलं.

देवानंदनं फोनकडे एक नजर टाकली आणि हसायचा प्रयत्न केला. “काकू, काई तरी काय बोलता? तुमचं वय…”

“मायं वय तुयाजवळ लिहून हाय काय? मी म्हनतो, मी अडचणीत हाओ. पाटी लावली ना तुनं? मंग काढ मले बाहीर.”

“तुमी खोटं बोलून राहिल्या.”

“बरं. मंग तपासशीन कसा?”

पुढच्या रांगेतला एक जण “अवो, लाज ठेवा” म्हणाला. जमुनाबाई त्याच्याकडे वळली.

“लाज? दीपमालेले दारात उभी करून चार मानसांदेखत इचारलं, तवा कोनती लाज होती? तिच्या वस्तीचा नळ गेला, ते बाहीर खुर्चीवर बसून पाहात राह्यली. हा नळाचा इषय हाय. पूजेचा नाई.”

भिंतीशी बसलेली भागीरथाबाई उठली. गावातली सगळ्यात जुनी बाई, सोवळ्याची पक्की. तिच्या घरी पाणीसुद्धा विचारून प्यावं लागे.

“जमुने, मी जलमभर पाळलं हे. माया सासूनं पाळलं. तं आमी काय मूर्ख होतो?”

जमुनाबाईचा आवाज खाली आला. “नाई वो माय. तुमच्या चुलीले मी हात लावत नाई अन् लावणारबी नाई. तुमच्या देवघरात तुमचं चालते. पन ही पंचायत हाय. इथं तुमच्या देवघराचा कायदा आनला तं दीपमाला अर्धी मेंबर झाली. गावानं तिले पुरी निवडून देल्ली होती.”

इथवर बोलून ती बसली असती, तर पुढचं काही घडलं नसतं. पण देवानंदनं मधे तोंड घातलं. “काकू, देवापुढं इटाळ चालत नाई. हे शास्त्र हाय. तुमी तं हारवाल्या. तुमाले तं कळाले पायजे.”

“मलेच कळते!” जमुनाबाई म्हणाली. “चौदा वर्साची होती तवापासून हार गुंफतो. महिन्याचे चार दिवस कोन माया घरात येऊन हार गुंफनार होतं? मीच गुंफले. त्याच हातानं. ते हार देवाच्या गळ्यात गेले, तुमच्या लग्नात गेले, तुया सत्काराले गेले. देवानं येक हार वापस नाई केला. देवाले माये हात चालले. तुले काऊन चालत नाई?”

मागच्या भिंतीशी कोणीतरी उठलं. दीपमाला. “मीबी आज अडचणीत हाओ,” ती म्हणाली, आणि या वेळी खाली पाहिलं नाही. मग तिच्या शेजारची उठली. मग आणखी एक, हातात पोर घेऊन. बायका उठत गेल्या, प्रत्येकीच्या तोंडी तेच एक वाक्य. काही हसत होत्या, काहींचा आवाज कापत होता. भागीरथाबाई मात्र बसून राहिली. देवानंदनं लाईव्ह बंद केलं, पण तोवर मुंबई-सुरतेनं सगळं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते अमरावतीत पोचलं, संध्याकाळी अकोल्यात, आणि मग कुठवर गेलं याचा हिशोब कोणी ठेवला नाही. ज्यांना करजखेड नकाशात सापडलं नसतं, ते करजखेडनं काय करावं हे सांगू लागले. पंचायत राज्यघटनेनं चालते, धर्मशास्त्रानं नाही, असं एका वकिलानं लांबलचक लिहिलं. त्याखाली एकानं विचारलं की मग रूढी-परंपरा नाल्यात सोडायच्या का, आणि दोघं जेवणखाण विसरून भांडत राहिले. पुण्याच्या एका बाईनं जमुनाबाईचं कौतुक केलं आणि ‘भाषा मात्र फार रांगडी’ असंही लिहिलं. एकानं तिच्या बोलण्याला ढोल-ताशांची धून जोडली. आणि एका पानानं सगळं कापून फक्त हाराचं वाक्य ठेवलं, वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘तुमच्या देवाला ही बाई काय घालत होती ऐका.’ सगळ्यात जास्त फिरलं ते हेच.

त्याखालच्या शिव्या दीपमालानं तिला वाचून दाखवल्या नाहीत. जमुनाबाईनं फोन मागून घेतला आणि स्वतः वाचल्या. सावकाश, अक्षर लावून. काही शब्द तिनं जन्मात ऐकले नव्हते.

अमरावतीच्या हारवाल्याचा फोन आला. “बाई, थोडे दिवस माल नका आनू. मायं काई म्हननं नाई. पन गिऱ्हाईक फोन दाखोते, म्हनते, हे त्याच बाईचे हार हायेत काय?”

भजनी मंडळानं नत्थुजीला सांगितलं, “बायकोले माफी मागाले लाव, मंग ये.” त्यानं मृदंग खांद्याला लावला आणि घरी आला. कोपऱ्यात ठेवला, वर कापड टाकलं. जमुनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, तसा तो म्हणाला, “मले काई इचारू नको. मायाशी चार दिवस बोलूबी नको.” आणि खरंच तो चार दिवस बोलला नाही. फुलं मात्र रोज तोडत राहिला. झाडावर ठेवून तर चालत नाही.

अकोल्याहून विहीणबाईंचा फोन आला. लेक करिश्मा तिथे दिलेली; पार्बताबाई तिची सासू, कुंदन तिचा नवरा. “आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर तुमचा व्हिडिओ टाकला लोकायनं. कुंदनच्या बापाले बाहीर निंघाची सोय नाई राह्यली. तुमी चूक झाली म्हना, येका मिनिटाचं काम हाय. नाई तं करिश्माले यंदा दसऱ्याले पाठवनं जमनार नाई.” जमुनाबाईनं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर मात्र हाराचा दोरा तिच्या हातून तीनदा सुटला.

त्याच आठवड्यात देवानंद घरी आला. तोही जेरीस आला होता. शिव्या त्यालाही पडत होत्या, दोन्हीकडून. ओट्यावर तिच्या समोर बसला आणि खरंच विनवणीनं म्हणाला, “काकू, दोन वाक्यं बोला. ‘हाराचं मी रागात बोलली, भावना दुखावल्या असतीन तं माफी असावी.’ मी रेकॉर्ड करतो. सारं मिटते. तुमचा मालबी सुरू होते.”

जमुनाबाई झेंडूची देठं खुडत होती. “लाईव कर.”

“रेकॉर्डच बरं, काकू.”

“जे बोलली ते लाईव बोलली. आताबी लाईवच.”

देवानंदला वाटलं, म्हातारी मोडली. लाईव्ह तर लाईव्ह. त्यानं फोन धरला. बघता बघता पाहणारे जमले, पडद्यावर अक्षरं सरकू लागली. जमुनाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

“राम राम. मी जमुना चर्जन. मले माफी मागा म्हनून सांगून राहिले. मी इचार केला. कोनाची मागू? देवाची मागाची असन तं ते मी देवाशी बोलीन, त्यात तुमाले काय करा लागते? तुमी लोकं मले घान घान लिहून राहिले. लिहा. पन येक सांगा, ज्या मायनं तुमाले जलम देल्ला, तिनं महिन्याचे चार दिवस तुमच्यासाठी भाकर नाई थापली काय? कोन थापत होतं मंग? आमच्याकडं तं दुसरं कोनी नव्हतं. मी काई देवाच्या विरोधात नाई. मायं पोट देवावर हाय. पन सरपंचानं दारात उभं राहून पोरींचं आंग इचाराचं, अन् त्याले धर्म म्हनाचं, हे मी मरेपर्यंत मान्य करनार नाई. जे बोलली ते खरं बोलली. पुन्हा बोलीन.”

देवानंदनं अंगठा बटणापाशी नेला. बंद करावं तर घाबरला म्हणतील. चालू ठेवावं तर ही थांबत नाही. पडद्यावर शिव्या सरकत होत्या, हात जोडलेले सरकत होते, आणि त्यांतच एक ओळ आली. देवानंदनं नकळत मोठ्यानं वाचली.

“करिश्मा, अकोला. ‘ही माझी आई आहे. तिचे हार गुंफायला मी लहानपणापासून बसले, चार दिवससुद्धा. आज मीबी अडचणीत आहे.’”

जमुनाबाईचे हात थांबले. शिव्या देणाऱ्यांच्या नावाजागी फुलं होती, वाघ होते, झेंडे होते. तिच्या लेकीनं स्वतःचं नाव लिहिलं होतं, सासरच्या आडनावासकट.

“अजून येक आली,” देवानंद पुटपुटला. “अकोल्याचीच. ‘मीबी.’” मग वरूड, मग दर्यापूर, मग कोणी नागपूरची शिक्षिका. तेच वाक्य, जिच्या तिच्या बोलीत. ओळी इतक्या वेगानं सरकल्या की शिव्या वर ढकलल्या गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. देवानंद वाचत राहिला, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. आतून नत्थुजी आला, दाराच्या चौकटीला टेकून ऐकत उभा राहिला. लाईव्ह संपल्यावर तो चार दिवसांत पहिल्यांदा बोलला.

“चहा टाकू काय?”

संध्याकाळी करिश्माचा फोन आला. “आई, सासूबाई माया हातचं जेवल्या नाई. मामाजी नुसते टीव्हीपुढं बसून हायेत. पन कुंदननं मायी कमेंट लाईक केली.” आणि मायलेकी कितीतरी वेळ हसत राहिल्या, मधेच रडल्याही.

वरच्या ऑफिसातून देवानंदला फोन आला म्हणतात. असा ठराव पंचायतीला करता येत नाही, असं कोणी साहेब बोलले म्हणतात. त्यानं ते कधी कबूल केलं नाही. पुढच्या ग्रामसभेत विषय पुन्हा आला एवढं खरं. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि या वेळी बायका भिंतीशी नव्हत्या. देवानंद बोलायच्या आधी भागीरथाबाई उठली. सगळ्यांना वाटलं, आता ही जमुनाला उभी सोलणार.

“मी मायं पाळीन,” ती म्हणाली. “मरेपर्यंत पाळीन, अन् माया घरात येईन त्यानं पाळा लागन. पन त्या दिवशी मी निंबाखालूनच येऊन राहिली होती. सरपंच पोरीले इचारे, अन् पोरगी मान खाली घाले, ते मी पाह्यलं. सोवळं बाईनं सोताच्या मनानं पाळाचं असते. गड्यानं दारात बसून मोजाचं नसते. पाटी काढा.”

हात वर झाले. पुरुषांचेही बरेच. काही जण हात छातीवर बांधून बसले, आणि ते आजही तसेच आहेत. देवानंद हुशार, त्यानं देव वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेले, त्याचंही लाईव्ह केलं, आणि त्यालाही अंगठे मिळाले. बरडाच्या नळाचा ठराव दीपमालानं स्वतः मांडला. पाणी आलं, दाब कमी आहे म्हणून ती आता दर सभेत भांडते.

सगळं काही जागच्या जागी आलं नाही. अमरावतीच्या हारवाल्यानं पुन्हा फोन केला नाही. भजनी मंडळानं दुसरा मृदंगवाला पाहिला. पार्बताबाई लग्नकार्यात भेटल्या तर नमस्कार करतात आणि पुढे जातात. करिश्मा मात्र दसऱ्याला आली, कोणी पाठवलं म्हणून नाही, आपली आपण, साध्या एस्टीनं.

जमुनाबाई आता परतवाड्याच्या बाजारात बसते. परवा टोपल्या घेऊन ती वडापच्या जीपमध्ये चढली. आत बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. समोरचा पोरगा, चांगल्या कपड्यांतला, तिच्याकडे टक लावून पाहू लागला.

“तुमी त्या व्हिडिओतल्या काय? करजखेडच्या?”

“हो.”

पोरगा जरा ताठ बसला. “मले तुमचं पटलं नव्हतं. मी लिहिलं होतं तुमच्या विरोधात. खालती, कमेंटमंधी.”

जीपमधल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. जमुनाबाईनं टोपली मांडीवर सावरली आणि त्याच्याकडे नीट वळून बसली.

“बरं केलं सांगतलं. लिहिणारे लई, सांगणारा तू पयला. काय लिहिलं होतं?”

“आता… आठोत नाई.”

“फोनमंधी असन ना. काढ. वाच. मी ऐकतो. या बायाबी ऐकतीन.”

पोरानं फोन काढला. अंगठ्यानं वर-खाली केलं. त्याला सापडलं असावं, कारण तो थांबला आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं. परतवाडा अजून बरंच लांब होतं.

“वाच ना, बापू,” जमुनाबाई म्हणाली. “मले घाई नाई.”